ज्याच्या हाती जी तबकडी : क्लासिक रॉकच्या प्रभावाबद्दल पिढ्यांचं का जुळत नाही

'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने २००३मध्ये सर्वकालीन सर्वोत्तम ५०० अल्बमची यादी काढली. पहिला क्रमांक बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला मिळाला आणि पहिल्या दहात त्यांचे एकूण चार अल्बम होते. २०२०मध्ये त्याच मासिकाने कलाकार, निर्माते, समीक्षक यांची मतं नव्याने मागवली. या वेळी 'सार्जंट पेपर' घसरून २४वा आला. त्याच्या एक पायरी वर, २३व्या क्रमांकावर, वेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम होता. तोही १९६७चाच. पहिल्या दहात बीटल्सचा फक्त 'ॲबी रोड' उरला, पाचव्या जागी. मूळ टेप त्याच होत्या, मत देणाऱ्यांची फळी मात्र बदलली होती.

अशा वेळी सहसा म्हटलं जातं, की म्हाताऱ्यांना आपल्या तरुणपणाचं कौतुक आणि पोरांना इतिहासाची माहिती नाही. यात थोडं तथ्य आहे. मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ऐकणारा साधारण चोविशीत असताना जी गाणी गाजत होती, ती त्याला सर्वांत जास्त आवडतात. पण यातून माया कळते, प्रभावाबद्दलचं मत कळत नाही. 'मला आवडतं' आणि 'यामुळे पुढचं संगीत बदललं' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्या विधानावरचं भांडण समजून घ्यायचं, तर कोणत्या पिढीच्या हातात नेमकी कोणती वस्तू पडली हे बघावं लागतं. नाव एकच असलं तरी वस्तू एकच नव्हती.

मुळात 'क्लासिक रॉक' हा शब्द संगीतकारांचा नाही. तो १९८०च्या दशकातल्या अमेरिकी एफएम रेडिओचा आहे. फ्रेड जेकब्स या सल्लागाराने १९८५मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगच्या डब्ल्यूएमएमक्यू केंद्रावर हा साचा चालवला आणि मग तो देशभर पसरला. पंचविशी-तिशी ओलांडलेल्या, खिशात पैसा आलेल्या श्रोत्याला त्याच्या शाळा-कॉलेजातली गाणी ऐकवायची आणि मध्ये जाहिराती लावायच्या, असा तो हिशेब होता. साहजिकच पूर्वी जे गाजलं होतं तेच या साच्यात बसलं. वेल्व्हेट अंडरग्राउंड बसलाच नाही, कारण त्यांचं एकही गाणं गाजलं नव्हतं. ब्रायन इनो या संगीतकार-निर्मात्याने १९८२मध्ये सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे : त्यांचा पहिला अल्बम सुरुवातीच्या वर्षांत जेमतेम ३० हजार खपला, पण तो घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला. खप आणि प्रभाव यांची ही फारकत रेडिओवर वाढलेल्या पिढीला दिसू शकत नव्हती. पुढच्या पिढीला ती दिसली, कारण त्यांच्या आवडत्या बँडांनीच मुलाखतींतून वेल्व्हेट अंडरग्राउंडचं नाव घेतलं.

आता 'सार्जंट पेपर' आणि बीटल्सचाच आदल्या वर्षीचा 'रिव्हॉल्व्हर' यांच्यातली अदलाबदल पाहू. २०२०च्या यादीत 'रिव्हॉल्व्हर' ११वा आहे, म्हणजे 'सार्जंट पेपर'च्या बराच पुढे. १९६७च्या अमेरिकी तरुणाला हे कोणी सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता, आणि त्याला कारणही होतं. कॅपिटॉल ही बीटल्सची अमेरिकेतली कंपनी ब्रिटिश अल्बमची मोडतोड करून विकायची. ब्रिटनमध्ये 'रिव्हॉल्व्हर'वर १४ गाणी होती, अमेरिकेत ११. गाळलेली तिन्ही गाणी जॉन लेननची होती, कारण ती कॅपिटॉलने आधीच दुसऱ्या एका अल्बमवर टाकून विकली होती. त्यामुळे अमेरिकी 'रिव्हॉल्व्हर'वर लेननची दोनच गाणी उरली. 'सार्जंट पेपर' हा दोन्ही देशांत त्याच गाण्यांसह, त्याच क्रमाने निघालेला पहिला अल्बम. 'एकसंध कलाकृती म्हणून अल्बम इथून सुरू झाला' असं अमेरिकेतली ती पिढी म्हणते ते खोटं नाही. तिच्या हातात पडलेला पहिला सलग अल्बम तोच होता. १९८७मध्ये सीडी आल्या तेव्हा जगभर ब्रिटिश क्रम प्रमाण धरला गेला. त्यानंतर ऐकू लागलेल्यांना पूर्ण १४ गाण्यांचा 'रिव्हॉल्व्हर' मिळाला आणि त्यांचं मत फिरलं.

मोनो (सगळा आवाज एकाच वाहिनीत) आणि स्टिरिओ (डावी-उजवी वाहिनी वेगळी) यांचा घोळ तर याहून मोठा आहे. बीटल्सचे १९६३चे दोन अल्बम दोन ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाले : एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. हे दोन ट्रॅक नंतर तोल साधून मोनोत एकत्र करायचे, म्हणजेच मिक्स करायचे, हाच त्यामागचा उद्देश. स्टिरिओ रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा तेच ट्रॅक डावीकडे-उजवीकडे ठेवून दिले. खोलीत दोन स्पीकर असले की आवाज हवेत मिसळतात, म्हणून ते फारसं खुपत नाही. हेडफोनवर मात्र बँड एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात. दोघांनी इअरबडची जोडी वाटून घेतली तर एकाला नुसता ताल आणि गिटार ऐकू येते, दुसऱ्याला नुसतं गाणं. आज पहिल्यांदा ऐकणाऱ्या मुलाला हे ध्वनिमुद्रण 'कच्चं' वाटतं ते यामुळे. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू केलं की निम्मी अडचण जाते. निम्मीच, कारण दोन बाजू एकत्र ओतणं म्हणजे मूळ मोनो मिक्स नव्हे.

१९६८पर्यंत बीटल्स स्वतः मोनो मिक्सच्या वेळी हजर असत. स्टिरिओ मिक्स बहुतेक वेळा तंत्रज्ञांवर सोडलेला असायचा आणि लवकर उरकला जायचा. म्हणूनच 'सार्जंट पेपर'मधलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोमध्ये थोडं जलद आणि अर्धा स्वर वर आहे, स्टिरिओत संथ आणि खाली. १९६८चं 'हेल्टर स्केल्टर' मोनोत साडेतीन मिनिटांच्या आसपास संपतं, तर स्टिरिओत जवळजवळ मिनिटभर अधिक चालतं आणि शेवटी ड्रमवाल्याची ती प्रसिद्ध किंकाळी येते. १९८७मध्ये पहिले चार अल्बम सीडीवर मोनोत आले, पण 'सार्जंट पेपर' स्टिरिओत आला. त्याचा मोनो मिक्स सीडीवर यायला ९ सप्टेंबर २००९ उजाडावं लागलं. मधल्या २२ वर्षांत ज्यांनी तो अल्बम सीडीवर ऐकला, त्यांनी बीटल्सनी कमी लक्ष दिलेलं रूप ऐकलं आणि त्यावरून मत बनवलं. माझ्या मते 'सार्जंट पेपर'ची घसरण समजून घेताना ही गोष्ट सर्वांत कमी मोजली जाते.

आपल्याकडे मधला एक टप्पा कॅसेटचा होता. मुंबई-पुण्यात दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घ्यायची पद्धत होती. ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला ४५ मिनिटं, म्हणजे चाळीसेक मिनिटांचा एक एलपी अख्खा मावायचा. पण भरलेल्या कॅसेटवरून पुन्हा कॅसेट भरली की दर वेळी झांजांची चमक कमी होते आणि खरखर वाढते. प्लेअरच्या हेडचा कोन जरासा जरी सरकला असला, तरी वरचे स्वर आणखी बोथट होतात. हेडशेजारचा स्क्रू हलक्या हाताने फिरवून, आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबायचं, हा त्यावरचा उपाय. अशा कॅसेटवर बारीक मिक्सिंग टिकत नाही, गिटारची ठसठशीत धून टिकते. डीप पर्पल, लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबथ इथल्या गिटारवादकांच्या बोटांत बसले त्यात या माध्यमाचा हात आहे. पुढे मुंबईच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू झाल्यावर तिथे तयार झालेला श्रोता याच कॅसेटवर पोसलेला होता.

लेड झेपेलिनबद्दलचा मतभेद वेगळ्या जातीचा आहे आणि त्यासाठी एक ड्रमचा ठेका जवळून बघण्यासारखा आहे. १९७१च्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणं. हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या तळाशी, जॉन बोनमचे ड्रम मांडले. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स याने जिन्यात वरच्या बाजूला फक्त दोन रिबन मायक्रोफोन टांगले, बेयर कंपनीचे एम १६०. तेव्हाचा रिवाज प्रत्येक ड्रमजवळ मायक्रोफोन ठेवण्याचा होता. इथे ड्रमपेक्षा जिन्याच्या उंच पोकळीचाच आवाज टेपवर गेला, शिवाय त्यावर बिन्सनचं एको यंत्र. गाणं सुरू होताना बाकी कोणतंही वाद्य नसल्यामुळे तो ठेका उघडा सापडतो, आणि सॅम्पल करणाऱ्याला, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरणाऱ्याला, नेमकं तेच हवं असतं. बीस्टी बॉइज या रॅप गटाने १९८६च्या आपल्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं या ठेक्यावर उभं केलं. त्यानंतर हिप-हॉप ऐकत वाढलेल्या पिढीला बोनमचा आवाज पाठ आहे, पण कित्येकांना बँडचं नाव ठाऊक नाही. १९७१च्या श्रोत्याला विचारा, तो झेपेलिनचा प्रभाव हेवी मेटलमध्ये दाखवेल. १९८६चा श्रोता तोच प्रभाव रॅपमध्ये दाखवेल. दोघंही बरोबर आहेत.

आणि तिसरा श्रोता विचारेल, मूळ गाणं कोणाचं? ते मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय यांनी १९२९मध्ये मुद्रित केलेलं ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी लोकांच्या संगीतपरंपरेतलं गाणं. या गाण्यात मिनीचं नाव श्रेयात होतं, पण सगळीकडे तसं घडलं नाही. 'होल लॉटा लव्ह'मधल्या ओळींबद्दल ब्लूज गीतकार विली डिक्सन यांनी १९८५मध्ये दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली आणि पुढच्या आवृत्त्यांवर त्यांचं नाव आलं. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'बद्दल जेक होम्स यांनी २०१०मध्ये दावा केला, तोही न्यायालयाबाहेर मिटला. 'स्टेअरवे टू हेवन'चा खटला मात्र २०२०मध्ये अपिलातही बँडच्या बाजूने गेला. १९६९च्या गोऱ्या श्रोत्याला झेपेलिनमुळे ब्लूजची ओळख झाली, म्हणून तो या बँडकडे देणारा म्हणून बघतो. कॅसेटच्या आत छापलेली श्रेयं वाचून किंवा इंटरनेटवर मूळ गाणी शेजारी-शेजारी लावून ऐकणारी पिढी त्याच बँडकडे घेणारा म्हणूनही बघते. 'प्रभाव' या शब्दात पूर्वी पुढे काय गेलं तेवढंच धरलं जाई, आता मागून काय आलं तेही धरलं जातं. हा बदल मला न्याय्य वाटतो.

स्ट्रीमिंगने अल्बमचा क्रमच मोडला. बीटल्स तिथे २४ डिसेंबर २०१५ला आले. स्पॉटिफायवर त्यांचं सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं 'हिअर कम्स द सन', २०२३मध्ये त्याने एक अब्जाचा टप्पा ओलांडला. १९६९मध्ये ते एकेरी रेकॉर्ड (सिंगल) म्हणून निघालंसुद्धा नव्हतं. सकाळच्या, प्रसन्न मूडच्या, ध्वनिक गिटारच्या अशा कोणत्याही यादीत ते चपखल बसतं म्हणून ते वर आलं. तिथून आलेल्या श्रोत्याला बीटल्स म्हणजे आधी जॉर्ज हॅरिसनची गिटार, मग बाकी सगळं. गाण्याच्या नावापुढे 'रीमास्टर्ड २००९' आहे की '२०२२ मिक्स' हेही पाहावं. चार ट्रॅकच्या टेपवर ड्रम, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर चिकटलेले असल्याने 'रिव्हॉल्व्हर'चा नीट स्टिरिओ मिक्स करणं अशक्य होतं. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने मशीन लर्निंगने ती वाद्यं सुटी केली, तेव्हा २०२२मध्ये ते जमलं. पोत इतका बदलला आहे, की दोन पिढ्या 'टॅक्समन'च्या बासबद्दल बोलत असतील तर कोणता मिक्स हे आधी ठरवून घ्यावं.

प्रभाव पूर्ण यशस्वी झाला की तो दिसेनासा होतो, ही अडचण मात्र कोणत्याही मिक्सने सुटत नाही. 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'टुमारो नेव्हर नोज'चं काम ६ एप्रिल १९६६ला सुरू झालं. पॉल मॅकार्टनीने घरच्या टेपरेकॉर्डरचं पुसणारं हेड निकामी करून एकावर एक आवाज साठवले आणि टेपची टोकं चिकटवून वेटोळी केली. अशी पाच वेटोळी ॲबी रोडवरच्या स्टुडिओच्या इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती. टेप ताणलेली राहावी म्हणून माणसं पेन्सिलीवर ती धरून उभी होती आणि मिक्सिंगच्या टेबलावर हवं ते वेटोळं हाताने वर-खाली केलं जात होतं. तोच मिक्स पुन्हा करणं शक्य नव्हतं. आज लॅपटॉपवर 'लूप'चं बटण असतं. ते बटण दाबणाऱ्या विशीतल्या मुलीला हे गाणं छान पण साधं वाटलं, तर तिची समज कमी पडते असं म्हणता येणार नाही. ते गाणं तिच्या हातातल्या हत्यारातच विरघळलं आहे.

मुंबईशी जोडलेलं एक गाणं या सगळ्या टप्प्यांतून गेलं आहे. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसनने मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन एका चित्रपटाचं संगीत मुद्रित केलं आणि त्याच बैठकांत 'द इनर लाइट'चा वाद्यसाज झाला. मार्च १९६८मध्ये ते 'लेडी मडोना'च्या मागच्या बाजूला आलं, मोनोत. एकेरी तबकडीच्या लेबलवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती. स्टिरिओ मिक्स १९७०मध्ये झाला. ब्रिटिश अल्बमवर गाणं यायला १९७८ उजाडलं आणि बहुतेकांच्या घरात ते पोहोचलं १९८८च्या 'पास्ट मास्टर्स' सीडीवरून. ज्याने १९६८मध्ये रेकॉर्ड उलटली नाही, त्याच्या लेखी सरोद आणि बासरीवर उभं राहिलेलं बीटल्सचं हे गाणं जवळजवळ वीस वर्षं अस्तित्वातच नव्हतं.