सापडलेली बंदुकीची जुनी गोळी आमच्याकडे तपासायला आणण्यापूर्वी

आधी एक विनंती: गोळी घासू नका. लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश, काहीही नको. जमिनीत पडून राहिलेल्या शिशावर पांढुरका थर चढतो. साच्याची शिवण, नळीचे ओरखडे, गोळी तोंडाकडून नळीत ठासणाऱ्या गजाचा ठसा, सगळे त्या थरावरच वाचता येते. साध्या पाण्याने माती सुटेल तेवढी सोडवा, मग हात धुवा. शिसे विषारी असते.

पुंगळीसकट आख्खे काडतूस किंवा तोफगोळा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. जुनी दारूही पेट घेते. अशा वस्तू आम्ही तपासायला घेत नाही.

गोल गोळी आली की आम्ही आधी वजन करतो, कारण आदळून चेपलेल्या गोळीचा व्यास मोजून उपयोग नसतो. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम. त्यावरून 32 ग्रॅमची गोळी मुळात साधारण 17.5 मिलिमीटरची होती हे कळते, आणि हे माप ब्रिटिश ‘ब्राऊन बेस’ या ठासणीच्या बंदुकीच्या 19 मिलिमीटर नळीशी जुळते. मधली फट मुद्दाम ठेवलेली असे. नळीत काजळी साचली तरी गोळी झटपट ठासता यावी म्हणून. पण ही बंदूक शंभराहून अधिक वर्षे वापरात होती, शिवाय शिकारी घरीच गोळ्या ओतत. म्हणून नुसत्या गोल गोळीवर नेमके साल लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बंदुकीची गोळी वाटून हमखास फसवतात ते पहिल्या महायुद्धातल्या श्रॅपनेल (हवेत फुटून आतले गोळे विखुरणाऱ्या) तोफगोळ्यांमधले गोळे: सुमारे 13 मिलिमीटरचे, अँटिमनी मिसळल्याने टणक, दाटीवाटीने भरलेले असल्याने बाजूंना बरेचदा चपटे.

लांबट गोळीचे काम सोपे. बूड पोकळ आणि अंगावर तीन खाचा असतील तर ती मिनिये या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याच्या पद्धतीची, 1840 च्या दशकाच्या अखेरीनंतरची; अमेरिकी यादवी युद्धात (1861–65) अशा गोळ्या ढिगांनी वापरल्या गेल्या. 1853 च्या एनफिल्ड रायफलची ब्रिटिश गोळी मात्र बाहेरून गुळगुळीत, कागदात गुंडाळलेली. वर तांब्याचे किंवा निकेल-मिश्रधातूचे कवच असेल तर 1880 च्या दशकाच्या मागे जायचे कारण नाही. टोकदार .303 (इंचातले माप) ब्रिटिश लष्करी गोळी 1910 पासूनची. यातले प्रत्येक साल ‘याच्या आधीची नव्हे’ एवढेच सांगते; गोळी जमिनीत केव्हा पडली हे त्यातून कळत नाही.

झाडलेल्या गोळीवर नळीतल्या पिळाच्या खाचा उमटतात. ब्रिटिश ली-एनफिल्ड रायफलच्या बहुधा पाच, डावीकडे वळलेल्या. जर्मन माउझर रायफलच्या चार, उजवीकडे. टोकाला स्क्रूचे भोक असेल तर ती झाडलेली नाही, ठासलेली गोळी नळीतून परत ओढून काढलेली आहे. दातांचे वण असले की शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकाने चावल्याची कहाणी सोबत येतेच. ते वण बहुतेक वेळा डुकरांचे किंवा उंदरांचे निघतात.

गोळी नेमकी कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी सापडली ते चिठ्ठीवर लिहून आणा. संरक्षित स्थळी खणू नका. ठेवायला लाकडी किंवा पुठ्ठ्याची डबी नको, त्यांच्या आम्लयुक्त वाफांनी शिशाची पांढरी भुकटी होते. झाकणाची प्लास्टिक डबी चालेल.

अहवालात आम्ही प्रकार, माप आणि कालखंड देतो. अमुक लढाईचे नाव त्यात हवे असेल, तर ती चिठ्ठी आणि सापडल्या जागेचे फोटो सोबत लागतील. त्यांशिवाय आम्ही ते लिहीत नाही.