उनकेश्वरचा झरा (मोटरहोमने, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीने भेट)

नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी हे महादेवाचं ठिकाण आहे. शरभंग ऋषींचा कुष्ठरोग जावा म्हणून रामाने बाण मारून इथलं गरम पाणी काढलं अशी कथा सांगतात, आणि कातडीचे आजार या पाण्याने जातात ही श्रद्धा आजही पक्की आहे. यादव राजा रामचंद्राच्या (कारकीर्द 1271–1311) काळातल्या शिलालेखामुळे मंदिर साधारण 13व्या शतकाच्या उत्तरार्धातलं धरतात, पण झऱ्याची पूजा त्याच्याही आधीची असावी.

झरा चुनखडीतला म्हणजे कार्स्टचा (खडक पाण्यात विरघळून रुंद झालेल्या फटींतून येणारा) आहे का, हा खरा वादाचा मुद्दा. मराठवाडा बहुतेक सगळा बेसाल्टचा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे कार्स्ट शोधायचाच तर किनवटकडेच यावं लागतं कारण लाव्ह्याची पूर्वेकडची कड इथे येते आणि तिच्या खालून ग्रॅनाइट अन् पैनगंगा गटाची (या भागातल्या खडकांच्या थरांना दिलेलं नाव) फार जुनी चुनखडी उघडी पडते. पण नुसती चुनखडी जवळ असून भागत नाही. कार्बन डायऑक्साइड घेतलेलं पावसाचं पाणी चुनखडीच्या फटी रुंद करत जातं, मग असा झरा पाऊस पडला की फुगतो, गढूळ होतो, उन्हाळ्यात खालावतो. गरम झऱ्याची तऱ्हा वेगळी, जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंश तापमान वाढतं, तिथे खोलवर मुरलेलं पाणी तापून भेगेतून वर येतं आणि बाहेरच्या पावसाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणून पाणी खोल भेगेतून येतं हे मत जास्त पटतं, चुनखडीचा हात असलाच तर वाटेत क्षार मिसळण्यापुरता. गाडीतल्या केटलीत पाणी उकळून तळाला बसलेला पांढरा थर हा पुरावा धरू नये, मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यानेही तसाच थर बसतो.

राज्याचं कॅराव्हॅन (अशाच राहत्या गाड्यांचं) पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. नांदेडहून भोकर, हिमायतनगर, इस्लापूर करत किनवटला जाता येतं, आणि इस्लापूरजवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा लागतो, पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस तो जोरात असतो, पण नदीला पूर असताना खडकावर उतरू नये आणि गाडी काठापासून लांब, उंचावर लावावी. गाडीतलं साबणाचं पाणी उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडाच्या किंवा नदीच्या आसपास अजिबात सोडू नका, लोक तिथे अंगाला जखमा घेऊन उतरतात. पाण्याची टाकी निघण्याआधीच भरून घ्यावी.

पुढे माहूर, साडेतीन शक्तिपीठांतली रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया शिखर, किल्ला आणि राष्ट्रकूट काळातली मानली जाणारी पांडवलेणी. शिखरांकडचा रस्ता चढ-वळणांचा असल्याने मोठी गाडी खाली गावात लावून जीपने वर जाणं बरं. नदीपलीकडे यवतमाळच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचं सागवानी जंगल आहे.