लॉर्ड सॉल्सबरी : हॅटफिल्डच्या घराण्याची पार्श्वभूमी

राणी व्हिक्टोरियाच्या अखेरच्या काळात तीन वेळा पंतप्रधान झालेले लॉर्ड सॉल्सबरी ज्या सेसिल घराण्यात जन्मले, तिथे मंत्रिपद जणू वारसाहक्कानेच चालत आलेले होते. विल्यम सेसिल हे पहिल्या एलिझाबेथचे विश्वासू मंत्री. त्यांचा मुलगा रॉबर्ट याने १६११ मध्ये हॅटफिल्ड हाउस उभारले. त्याच वास्तूत ३ फेब्रुवारी १८३० रोजी सॉल्सबरींचा जन्म झाला.

पण ते धाकटे, त्यामुळे वारस नव्हते. आई नऊव्या वर्षी गेली. ईटनच्या शाळेत मुलांनी इतका छळ केला, की पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना घरी परत आणले. जमावाबद्दलचा त्यांचा अविश्वास तिथेच मुरला असावा, असे मला वाटते. १८५७ मध्ये त्यांनी न्यायाधीशांची मुलगी जॉर्जिना ऑल्डरसन हिच्याशी लग्न केले. मुलीकडे पैसा नाही, म्हणून वडिलांचा विरोध. मग या उमरावपुत्राने नियतकालिकांत निनावी लेख लिहून संसाराला हातभार लावला. थोरला भाऊ १८६५ मध्ये वारला आणि वारसा त्यांच्याकडे आला.

पुढच्याच वर्षी, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते भारतमंत्री झाले. ओरिसात तेव्हा दुष्काळ पेटला होता. इशारे त्यांच्यापर्यंत पोहोचले होते, पण ओरिसाचा कारभार पाहणारे बंगालचे अधिकारी निर्धास्त होते. त्यांच्यावर विसंबून सॉल्सबरींनी दोन महिने काहीच केले नाही. तोवर पावसाळ्याने बंदरे बंद झाली आणि धान्य पोहोचवणे अशक्य झाले. सुमारे १० लाख माणसे गेली. या दोषातून आपण मोकळे नाही, हे त्यांनी पुढे कबूल केले. त्या कबुलीचे मोल आहेच. पण १८७४ मध्ये तेच खाते पुन्हा हाती आल्यावर त्यांनी सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली आणि हिंदी तरुणांची वाट आणखी अरुंद केली. १८८८ मध्ये तर एडिंबरातल्या भाषणात, इंग्रज मतदार ‘काळ्या माणसा’ला निवडून देतील का, अशी शंका त्यांनी दादाभाई नौरोजींच्या पराभवाबद्दल बोलताना काढली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई १८९२ मध्ये अवघ्या ५ मतांनी ब्रिटिश संसदेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत सॉल्सबरींची सत्ता गेली.

घरात मात्र हा माणूस वेगळा होता. आठ अपत्यांपैकी एक मुलगी लहानपणीच गेली. उरलेल्या सात जणांना वडिलांशी राजकारणावर आणि धर्मावर बरोबरीने वाद घालायची मुभा होती. तळघरात त्यांची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती. विजेचे दिवे लावणाऱ्या इंग्लंडातल्या पहिल्या काही घरांत हॅटफिल्डचा समावेश होतो.

१९०० च्या फेरबदलानंतर मुलगा, जावई आणि दोन भाचे असे सगळेच सरकारात होते, तेव्हा लोक त्या सरकारला ‘हॉटेल सेसिल’ म्हणू लागले. जुलै १९०२ मध्ये मामाच्या खुर्चीवर भाचा आर्थर बाल्फर बसला. सॉल्सबरी २२ ऑगस्ट १९०३ रोजी हॅटफिल्डलाच वारले. त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) उभारणीत झटला; १९३७ चे शांततेचे नोबेल त्याला मिळाले.