एकच गाणं, दोन पट्ट्या: बीटल्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची पार्श्वभूमी

बीटल्स या इंग्लिश बँडचं 'शीज लीव्हिंग होम' हे गाणं पेटीवर धरून पाहा. स्टिरिओ रेकॉर्डवर (डाव्या-उजव्या बाजूला वेगळा आवाज) ते पांढरी तीनमध्ये बसतं. मोनो रेकॉर्ड (दोन्हीकडे एकच आवाज) लावली की सूर सरकतो आणि पांढरी चारच्या आसपास जातो. गाणं आठ-नऊ सेकंदांनी लवकरही संपतं. पेटी बिघडलेली नाही आणि प्लेअरही नाही. १९६७ साली मोनो मिक्स करताना, म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र मिसळताना, टेप मुद्दाम जास्त वेगाने फिरवली होती, स्टिरिओ मिक्सच्या वेळी तसं केलं नाही, एवढंच. आपल्याकडच्या भजनाच्या पेट्या ४४० हर्ट्‌झच्या प्रमाण सुराला लावलेल्या असतातच असं नाही, त्यामुळे नेमकी पट्टी ठरवत बसू नका. दोन आवृत्त्यांमधलं अंतर किती ते पाहा.

सोलापुरात आवृत्त्यांचा फरक समजावून सांगायला चादरीसारखं दुसरं उदाहरण नाही. जेकार्ड मागावर नक्षी ठरवणारी भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ तीच ठेवली आणि बाण्याचा (आडव्या सुताचा) रंग बदलला, तर नक्षी तीच राहते, चादर वेगळी दिसते. पुठ्ठेच नव्याने पाडले तर नक्षीच वेगळी. गाण्याचंही तसंच आहे. वादन-गायन तेच आणि मिश्रण वेगळं, ही एक गोष्ट. वादनच वेगळं, ही दुसरी. तुलनेला बसण्यापूर्वी दोन आवृत्त्यांची वाट कुठे फुटली ते ठरवा: गाताना, वरून भर घालताना, मिक्स करताना, टेप कापताना, की शेवटी तबकडी वा सीडी काढताना? हे ठरलं नाही तर तासन्‌तास ऐकूनही 'हे जरा मोकळं वाटतं' यापलीकडे हाती काही लागत नाही.

सगळं मूळ त्या काळच्या यंत्रांत आहे. बँडच्या पहिल्या, 'प्लीज प्लीज मी' या एलपीतली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनच्या अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली, तीही दोन ट्रॅकच्या टेपवर. एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. ही विभागणी स्टिरिओसाठी नव्हतीच. नंतर मोनो करताना आवाज आणि वाद्यं यांचा तोल साधता यावा म्हणून ती केलेली होती. स्टिरिओ काढायची वेळ आली तेव्हा तेच दोन ट्रॅक डावीकडे-उजवीकडे ठेवून दिले. म्हणून त्या एलपीच्या स्टिरिओत वाद्यं डावीकडे आणि गाणारे उजवीकडे आहेत. इयरफोनची उजवी बाजू बंद पडली असेल तर गायन गायबच होतं, मायक्रोफोनमधून एकमेकांत झिरपलेला अंधुक आवाज तेवढा उरतो.

मोनो रेकॉर्ड २२ मार्च १९६३ ला आली, स्टिरिओ महिनाभराने, २६ एप्रिलला. या क्रमातच त्या काळचा कल दिसतो. श्रोत्यांकडे आणि रेडिओवर मोनोच चाले, म्हणून खरं लक्ष मोनोवर. स्टिरिओ हे मागाहून उरकायचं काम. त्यामुळे चुका राहिल्या, आणि त्या चुकाच आज ओळखीच्या खुणा झाल्या आहेत. 'प्लीज प्लीज मी' गाण्याच्या स्टिरिओ आवृत्तीत वेगळे टेक, म्हणजे त्याच गाण्याची निरनिराळ्या वेळची मुद्रणं, जोडले आहेत. शेवटच्या कडव्यात जॉन लेननचे शब्द चुकतात आणि पुढच्या ओळीत त्याला हसू फुटल्याचं ऐकू येतं. मोनोत यातलं काहीच नाही. नवशिक्यांनी सुरुवात इथूनच करावी, कारण इथे कानाला ताण द्यावा लागत नाही.

'लव्ह मी डू'ची कथा जास्त गुंतागुंतीची आहे, पण ओळख सोपी. हे गाणं १९६२ साली तीनदा ध्वनिमुद्रित झालं: ६ जूनला बँडचा तेव्हाचा ड्रमर पीट बेस्ट ड्रमवर, ४ सप्टेंबरला रिंगो स्टार, आणि ११ सप्टेंबरला बाहेरून बोलावलेला अँडी व्हाइट. तिसऱ्या वेळी रिंगोच्या हाती खंजिरीसारखी टँबुरिन दिली होती. ५ ऑक्टोबर १९६२ ला आलेल्या सुरुवातीच्या सिंगलवर (दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी) रिंगोचे ड्रम आहेत, एलपीवर अँडी व्हाइटचे. टँबुरिन वाजली की एलपीची आवृत्ती, नाही वाजली की पहिली सिंगल. रिंगोच्या आवृत्तीची मास्टर टेप उरली नाही, म्हणून ती पुढे सीडीवर घेताना जुन्या तबकडीवरून उतरवावी लागली. तिचा आवाज जरा खरखरीत लागतो तो यामुळे, बँडने तसं वाजवलं म्हणून नव्हे. या गाण्याची दोन ट्रॅकची टेपही राहिली नाही. २००९ च्या स्टिरिओ सीडीतसुद्धा ते मोनोच आहे.

ऑक्टोबर १९६३ पासून चार ट्रॅकची टेप आली. १९६६ साली अ‍ॅबी रोडचे इंजिनिअर केन टाउनसेंड यांनी आवाजाची कृत्रिम जोडी करणारी एडीटी ही पद्धत काढली. दुसऱ्या टेपयंत्रावरून तोच आवाज किंचित मागे-पुढे करून मूळ आवाजात मिसळायचा, म्हणजे एकच गायक दोनदा गायल्यासारखा भासतो. हे सगळं मिक्स करताना हाताने व्हायचं. दुसऱ्या दिवशी स्टिरिओ मिक्स करायला बसलं की तीच हालचाल पुन्हा तशीच जमणं शक्य नव्हतं. १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या एलपीच्या मोनोवर बँड स्वतः बसला, स्टिरिओ निर्माते जॉर्ज मार्टिन आणि इंजिनिअर जेफ एमरिक यांनी त्यांच्याविना थोडक्या वेळात पार पाडलं. म्हणून 'ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स'च्या मोनोत आवाजावर जी लाट फिरते ती स्टिरिओत तेवढी नाही. शीर्षकगीताच्या पुनरावृत्तीच्या शेवटी मोनोत पॉल मॅकार्टनीचं ओरडणं स्पष्ट येतं, स्टिरिओत ते जवळपास दबलेलं आहे. आमच्या मते या एलपीपुरती मोनो हीच मूळ प्रत मानावी.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' मात्र आवृत्त्यांच्या तुलनेत वेगळ्याच जागी बसतं, कारण इथे दोन आवृत्त्या एकाच गाण्यात आहेत. सातव्या टेकची सुरुवात आणि सव्विसाव्या टेकचा उरलेला भाग. दोन्हींची चाल सारखी, पण वेग आणि पट्टी वेगळी. एकाची टेप जलद आणि दुसऱ्याची सावकाश फिरवून ते जुळवले आणि साधारण मिनिटभरानंतर सांधले. त्यामुळे तयार गाणं पेटीच्या कुठल्याच पट्टीला चिकटत नाही, पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी तरंगतं. सांधा ऐकायचा असेल तर आवाज पाहू नका, पोत पाहा: सांध्यानंतर चेलो, ट्रंपेट आणि जड ड्रम येतात आणि लेननचा आवाज घट्ट, जाडसर होतो.

१९६८ च्या पांढऱ्या एलपीपर्यंत ('व्हाइट अल्बम') मोनोचा शेवट जवळ आला होता. त्यातलं 'हेल्टर स्केल्टर' मोनोत साडेतीन मिनिटांच्या थोडं पुढे विझतं. स्टिरिओत ते विझून पुन्हा उठतं आणि बोटांना फोड आल्याच्या रिंगोच्या आरोळीवर संपतं, साडेचार मिनिटांना टेकतं. 'डोन्ट पास मी बाय' मोनोत जलद आहे. त्याच एलपीवरचं 'रेव्होल्यूशन १' आणि 'हे ज्यूड'च्या मागच्या बाजूचं 'रेव्होल्यूशन' ही मात्र वेगळी मिक्सं नव्हेत. ते गाणं पुन्हा नव्याने वाजवलेलं आहे, म्हणजे पुठ्ठेच बदललेले. 'लेट इट बी'चं आणखी वेगळं: पाया एकच, पण मधला गिटारचा तुकडा दोन. मार्च १९७० च्या सिंगलवर ३० एप्रिल १९६९ चा, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून आलेला मऊ तुकडा आहे. मे १९७० च्या एलपीवर ४ जानेवारी १९७० चा खरबरीत तुकडा आहे. शिवाय एलपीवर शेवटचा धृपदाचा भाग वाढवलेला आहे.

या यादीत मुंबईचंही एक पान आहे. 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत १२ जानेवारी १९६८ ला मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांनी वाजवलं: सरोद, बासरी, पखवाज, हार्मोनियम. जॉर्ज हॅरिसनचा आवाज फेब्रुवारीत लंडनला चढवला. १५ मार्च १९६८ ला ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बँडच्या कुठल्याही मूळ एलपीवर ते नाही, त्यामुळे एलपीच ऐकणाऱ्यांच्या हातून ते निसटतं.

सीडी आल्यावर गोंधळ वाढला. २६ फेब्रुवारी १९८७ ला पहिले चार एलपी सीडीवर फक्त मोनोत आले. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' स्टिरिओत आले, पण जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने मिक्स करून. म्हणजे 'मूळ स्टिरिओ' म्हणून ज्यांनी ही सीडी घेतली त्यांच्याकडे १९६५ चं मिक्स नाही. ते हवं असेल तर ९ सप्टेंबर २००९ ला आलेल्या मोनो संचात त्या दोन सीडींच्या शेवटी जोडलेलं सापडेल. जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाईल्स मार्टिन यांनी २०१७ मध्ये नव्याने मिक्स केलेल्या 'सार्जंट पेपर'मध्ये 'शीज लीव्हिंग होम' मोनोच्याच वेगाने आहे. २०२२ च्या 'रिव्हॉल्व्हर'पासून एलपींच्या नव्या मिक्सांत संगणकाने एका ट्रॅकवरची वाद्यं सुटी करण्याचं तंत्र आलं. त्यामुळे नवी मिक्सं जुन्यांशी ताडून पाहताना 'हे वाद्य तेव्हा कुठे होतं' हा प्रश्न निरर्थक होतो. तेव्हा ते वेगळं काढताच येत नव्हतं.

आता प्रत्यक्ष तुलना. पहिला अडथळा म्हणजे छोटा ब्लूटूथ स्पीकर. त्यातले बरेचसे दोन्ही चॅनेल एकत्र करून वाजवतात, त्यामुळे स्टिरिओ-मोनो फरक तिथेच संपतो. तारेचा इयरफोन वापरा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू नाही ना ते पाहा. गाण्यांच्या अ‍ॅपमधली आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोयही बंद करा आणि पातळी हाताने जुळवा. अर्धा डेसिबल मोठी असलेली आवृत्ती कानाला 'चांगली' वाटते, मिक्स कसंही असो.

संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फाइली एकाखाली एक लावून, एकीची लहर उलटी (इन्व्हर्ट) करून बेरीज घ्या. मिक्स एकच असेल आणि फक्त मास्टरिंग (तबकडी वा सीडी काढतानाची शेवटची जुळवणी) वेगळं असेल तर बहुतेक सगळं कटतं आणि मागे वरची सळसळ किंवा खालचा ठोका उरतो. मिक्स वेगळं असेल तर काहीच कटत नाही. कटत नसेल तर घाई करू नका. एमपीथ्री फाइलला सुरुवातीला सुमारे २५ मिलिसेकंदांचा उशीर असतो, तेवढी ती आधी सरकवून घ्या. टेपच्या वेगात एक हजारांश फरक असला तरी तीन मिनिटांनंतर दोन आवृत्त्या १८० मिलिसेकंदांनी सुटतात, म्हणून तुलना दहा-पंधरा सेकंदांच्या तुकड्यांत करा आणि दर तुकड्याला पुन्हा जुळवा.

तबकड्यांवर ऐकणार असाल तर आधी टर्नटेबलचा वेग तपासा. ५० हर्ट्‌झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघांची चकती लागते. चोकवाल्या ट्यूबखाली किंवा जुन्या बल्बखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. अनेक एलईडी दिवे लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली काहीच कळत नाही. हे केल्याशिवाय पट्टीच्या फरकावर मत देऊ नका.

आपल्याकडे हाती येणाऱ्या जुन्या प्रती बहुतेक कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या. भारतात १९६० च्या दशकातही बीटल्सच्या ७८ वेगाच्या तबकड्या निघाल्या, इतर बऱ्याच देशांत त्या बंद पडल्यावरही. त्यांची खाच रुंद असते, एलपीची सुई त्यात तळाला घासते. ७८ ला सुमारे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई हवी, मोनो एलपीला एक मिलची. या ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये एलपी पत्र्याखाली, माळ्यावर किंवा बंद गाडीत ठेवू नका, आणि आडव्या थप्पीत तर नकोच. उभ्या, घट्ट पण दाबून नाही, खालच्या कपाटात. वाकलेल्या तबकडीवर दर फेऱ्याला सूर हलतो, आणि मग आवृत्तीचा फरक कुठला आणि उन्हाचा कुठला हे ठरवता येत नाही.