देवावरचा आरोप आणि पूर्वकर्माचे उत्तर

ईश्वर दयाळू आणि सर्वसमर्थ असेल, तर त्याने घडविलेल्या जगात दुःख आणि दुष्टपणा का, हा विषय बडोद्यातील मराठी घरांत निघाला, की बहुधा पूर्वकर्माकडे बोट दाखवले जाते आणि बोलणे तिथेच थांबते. त्या उत्तरामागे मात्र मोठा वाद आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचे दुवे याच शहरात सापडतात.

त्यांतला पहिला दुवा ग्रंथाचा. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित यांचा ‘तत्त्वसंग्रह’ कमलशीलाच्या टीकेसह १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीज या ग्रंथमालेत छापला गेला. त्याची पोथी पाटणच्या जैन भांडारात होती आणि पाटण तेव्हा बडोदे संस्थानातच होते. परमताचा ग्रंथ इतकी शतके निगुतीने सांभाळणाऱ्या त्या भांडारांचे आपल्यावर थोर ऋण आहे. जगाचा कर्ता मानणाऱ्यांना शांतरक्षित विचारतात, की त्याने करुणेपोटी सृष्टी केली म्हणावे, तर ती निखळ सुखाची असायला हवी होती. दारिद्र्य, शोक आणि व्याधी यांनी गांजलेले लोक निर्माण करण्यात कोणती करुणा दिसते? हा आक्षेप केवळ वेद न मानणाऱ्यांचा होता असेही नाही. वेदप्रामाण्याचे कट्टर समर्थक कुमारिल भट्ट यांनीही शांतरक्षितांच्या आधी तो जवळपास याच शब्दांत घेतला होता.

वेदान्ताने या आरोपाला बगल दिली नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात (२.१.३४) ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयता हे दोन दोष येतात का, असा प्रश्न सरळ उपस्थित केला आहे आणि ईश्वर प्राण्यांच्या कर्माला अनुसरून सृष्टी करतो, म्हणून ते येत नाहीत, असे उत्तर दिले आहे. शंकराचार्य तिथे पर्जन्याचा दृष्टान्त देतात: पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, पण भात उगवायचा की जव, हे बियाणे ठरवते. मग अगदी पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आले, या शंकेला पुढचे सूत्र सांगते, की संसार अनादि आहे, त्याला पहिली वेळच नाही.

ख्रिस्ती विचाराला ही वाट मोकळी नव्हती, कारण तिथे सृष्टीला आरंभ आहे आणि ती ईश्वराने शून्यातून केली आहे. म्हणून ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने (३५४–४३०) वाईटाला स्वतंत्र अस्तित्वच नाही, तो चांगल्याचा अभाव आहे, असे मांडले, आणि जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझने १७१० साली हे जग शक्य त्या जगांतले सर्वोत्तम असल्याचा युक्तिवाद केला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनला भूकंप झाला, चर्चे भरलेली असताना कोसळली, आणि त्या युक्तिवादावरचा युरोपचा विश्वास डळमळला.

आपल्याकडे कर्मसिद्धांताने ईश्वराला दोषमुक्त केले, पण तो दोष सोसणाऱ्याच्या माथी आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत जड गोष्ट हीच आहे. चोखामेळ्यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात ते आपला जन्म पूर्वी घडलेल्या कृष्णनिंदेचे फळ म्हणून स्वीकारतात. त्यांचा मुलगा कर्ममेळा मात्र विठ्ठलालाच जाब विचारतो: ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती’. बाप आणि मुलगा यांच्यातले हे अंतर अनेक भाष्यांपेक्षा बोलके आहे.

बडोद्याने पुढे हा प्रश्न प्रत्यक्ष भोगला. १८९१ च्या शिरगणतीत संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती; छपन्नियाच्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ मधल्या, दुष्काळानंतर, १९०१ साली, ती सुमारे १९ लाख ५३ हजारांवर आली. लहान मुले आणि गुरे ज्या दुष्काळात मेली, त्याचा हिशेब कर्माच्या खात्यावर मांडणे सोपे नाही. १८९३ ते १९०६ या काळात बडोद्याच्या सेवेत असलेल्या अरविंद घोषांनी पुढे पाँडिचेरीत लिहिले, की जगाबाहेर बसून इतरांना दुःख देणारा ईश्वर मानला, तर या प्रश्नाला नैतिक उत्तरच मिळत नाही. सर्व काही तोच असेल, तर सोसणाराही तोच ठरतो.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आले. त्यांना जातीमुळे कुठेही राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. ते कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि ते कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, जाऊन बसले. मागील जन्माच्या कर्मावर या जन्मीची अवस्था ठरते, ही शिकवण बुद्धाची असूच शकत नाही, असे त्यांनी निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात लिहिले. गरिबांच्या आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला झटकता यावी, याखेरीज त्या सिद्धांताचा दुसरा कोणताही हेतू त्यांना दिसला नाही.