कायद्यातला ‘प्रूडंट’ माणूस आला कुठून?

विश्वस्त संस्थेचा ठराव असो, कोर्टाचा निकाल असो की रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक, ‘प्रूडंट’ हा शब्द हटकून भेटतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पुढचं पाहणारा’. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. आपण त्याचा अर्थ ‘सावध’ असा लावून मोकळे होतो. पण त्याला आजचं वजन आलं ते एकोणिसाव्या शतकातल्या खटल्यांमुळे.

पहिला खटला इंग्लंडमधला, १८३७ चा. मेनलव्ह नावाच्या माणसाने शेजाऱ्याच्या घरांजवळ, आपल्या हद्दीच्या कडेला गवताची गंजी रचली. नीट न वाळलेल्या गवताची गंजी आतून तापते आणि आपसूक पेट घेते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही सांगावं लागत नाही. मेनलव्हला लोकांनी पाच आठवडे पुन्हापुन्हा बजावलं. ‘बघू काय होतं ते,’ अशा थाटात त्याने गंजीला मधून धुराड्यासारखं एक भोक तेवढं पाडलं. गंजी पेटली, त्याची कोठारं जळाली आणि शेजारी व्हॉन याची दोन घरंही गेली. मेनलव्हच्या वकिलांचं म्हणणं असं, की त्याने आपल्या अकलेप्रमाणे प्रामाणिकपणे जे सुचलं ते केलं. बुद्धी कमी हा काही गुन्हा नव्हे. सरन्यायाधीश टिंडल यांनी ते फेटाळलं. प्रत्येकाच्या अकलेप्रमाणे मोजायचं तर प्रत्येकाच्या पावलाइतकी वेगवेगळी मापं होतील. साधारण शहाणा, म्हणजेच ‘प्रूडंट’, माणूस घेईल तेवढी काळजी प्रत्येकाने घेतलीच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. हेतू चांगला होता एवढ्यावर सुटका नाही, हे इथे पक्कं झालं.

दुसरी बाजू त्याआधीच, १८३० मध्ये, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने मांडली होती. जॉन मॅक्लीन यांच्या मृत्युपत्रातले ५०,००० डॉलर विश्वस्तांनी कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतवले आणि त्यांचे भाव पडले. त्या पैशात पुढे वाटा मिळणार असलेल्या हार्वर्ड कॉलेजने दावा लावला. न्यायमूर्ती पटनम म्हणाले, काहीही केलं तरी मुद्दल धोक्यात असतंच. जाणता माणूस स्वतःचे पैसे ज्या विचाराने कायमचे गुंतवतो, तसा विचार विश्वस्तांनी केला होता का, एवढंच पाहायचं. विश्वस्त सुटले. माझ्या मते या शब्दाचं खरं मर्म इथे आहे. नुकसान झालं म्हणजे निर्णय अविचारी होता असं नव्हे.

हे माप भारतात आलं ते इंग्रजी कायद्यांबरोबर. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, की सांभाळायला घेतलेल्या वस्तूची काळजी साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी घ्यावी. लाँड्रीत दिलेला शालू खराब झाला, तर प्रश्न एवढाच, की लाँड्रीवाल्याने तो स्वतःच्या घरातल्या शालूसारखा जपला का? १८८२ च्या न्यास कायद्यात विश्वस्तांसाठी हेच माप आहे. त्याच १८७२ सालच्या पुरावा कायद्यात एखादी गोष्ट ‘शाबित’ कधी मानायची, तेही याच माणसाच्या नजरेने ठरलं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती व्याख्या राखली आहे.

बँकांना ‘प्रुडेन्शियल’ निकष, म्हणजे सावधपणे हिशेब मांडण्याचे नियम, लागले ते बँक सुधारणांसाठी नेमलेल्या नरसिंहम समितीनंतर, १९९२-९३ पासून. बुडीत चाललेल्या कर्जावरचं व्याज हातात पडल्याशिवाय उत्पन्नात धरायचं नाही, हा त्यातला पाया. सुरुवातीला चार तिमाह्यांची थकबाकी झाल्यावर कर्ज असं बुडीत चाललेलं, म्हणजे अनुत्पादक (एनपीए), धरत. मार्च २००४ पासून ती मुदत ९० दिवसांवर आली.