पुद्गलवाद

पुद्गलवाद : व्यक्ती (पुद्गल) पंचस्कंधांशी (रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या माणसाच्या पाच घटकसमूहांशी) एकरूप नाही, त्यांच्याहून वेगळीही नाही, तरी ती आहे, असे मानणारे प्राचीन बौद्ध मत. वात्सीपुत्रीय आणि त्यांच्यातून निघालेले सम्मितीय, धर्मोत्तरीय, भद्रयानीय व षण्णगरिक हे निकाय (बौद्ध संघातील पंथ) या मताचे समजले जातात. जैन दर्शनातील पुद्गल म्हणजे जडद्रव्य. त्याचा येथे संबंध नाही.

वात्सीपुत्रीय हे स्थविरांपासून (बौद्ध संघाच्या जुन्या स्थविर शाखेपासून) केव्हा वेगळे झाले याबाबत परंपरांत मेळ नाही. पाली परंपरा ही फूट बुद्धनिर्वाणानंतरच्या दुसऱ्या शतकात घालते, तर वसुमित्राच्या नावावरील निकायभेदाचा ग्रंथ तिसऱ्या शतकात. निर्वाणाचे वर्षच वादग्रस्त असल्याने इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास, एवढेच म्हणणे बरे. ‘कथावत्थु’ या पाली ग्रंथातील पहिलीच आणि सर्वांत लांबलेली कथा पुद्गलखंडनाची आहे. परंपरेने हा ग्रंथ अशोककालीन मोग्गलिपुत्त तिस्साचा. प्रत्यक्षात त्यात पुढे भर पडत गेलेली दिसते. पहिल्या कथेत मात्र मागधी वळणाची रूपे आढळतात, त्यामुळे तिचा गाभा जुना असावा. मूळ ग्रंथ प्रतिपक्षाचे नाव घेत नाही. वज्जिपुत्तक व सम्मितीय ही नावे अट्ठकथेत (त्यावरील पाली टीकेत) येतात.

या निकायांचे फार थोडे ग्रंथ, तेही बहुतेक चिनी भाषांतरांतून, उरले आहेत. त्यामुळे त्यांची बाजू बरीचशी विरोधकांच्याच तोंडून ऐकावी लागते. त्यांचा मुख्य आधार ‘भारहारसुत्त’ : पाच स्कंध हे ओझे आणि पुद्गल हा ते वाहणारा. वाहणारा म्हणजेच ओझे असेल, तर ‘ओझे खाली ठेवले’ या म्हणण्याला अर्थ काय? रूप म्हणजे देह, आणि संस्कार म्हणजे घडलेल्या प्रवृत्ती, यांच्या बेरजेत माणूस संपत असेल, तर कर्म एकाचे व फळ दुसऱ्याचे अशी आपत्ती येते. तो स्कंधांबाहेर असेल, तर ब्राह्मणी आत्माच मागल्या दाराने आत येतो. म्हणून पुद्गल ‘अवक्तव्य’, म्हणजे स्कंधांहून एक की वेगळा हे सांगता न येणारा. अग्नी आणि इंधन हा त्यांचा दृष्टांत : अग्नी म्हणजे इंधन नव्हे, पण इंधनावाचून तो नसतो.

बौद्ध आचार्य वसुबंधूने (इ. स. चौथे-पाचवे शतक) ‘अभिधर्मकोशा’च्या अखेरच्या प्रकरणात यावर हल्ला चढवला. पुद्गल रूपासारखा द्रव्यतः (स्वतंत्र वस्तू म्हणून) आहे, की दुधासारखा केवळ घटकांना दिलेले नाव, हा त्याचा सवाल. स्मरणासाठी स्मरणारा लागत नाही, चित्तसंतती (चित्तक्षणांचा अखंड प्रवाह) पुरते, असे तो म्हणतो. अग्नी-इंधनाच्या दृष्टांतावरील त्याचे आक्षेप बिनतोड आहेत. कर्मफलाच्या मुद्द्यावरील उत्तर तितकेसे समाधान करत नाही.

मत एकाकी असले तरी अनुयायी थोडे नव्हते. सारनाथच्या अशोकस्तंभावरील सुमारे चौथ्या शतकातील लेखात सम्मितीय व वात्सीपुत्रीय ही नावे एकत्र येतात. सातव्या शतकात ह्युएनत्संगाने वलभीत (गुजरात) सुमारे ६,००० भिक्षू नोंदवले, ते मुख्यतः सम्मितीय. महाराष्ट्रात नाशिकच्या लेणे क्र. ३ चे दान सातवाहन राणी गौतमी बलश्रीने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी भद्रयानीयांना दिले. कान्हेरीलाही त्यांचा उल्लेख आहे, तर कार्ले व जुन्नर येथे धर्मोत्तरीयांचा. हे लेख दानाचे असल्याने तेथील भिक्षूंनी पुद्गलवाद कितपत मानला हे त्यांवरून ठरवता येत नाही.

वलभीच्या ऱ्हासानंतरचे उल्लेख तुरळक आहेत. सर्वरक्षिताची ‘महासंवर्तनीकथा’ ही सम्मितीय परंपरेतील रचना बाराव्या शतकातील आहे.